आच आणि अंतर

हे सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद संपला की क्षणभर थांबा, वाचलेलं डोळ्यांपुढे येऊ द्या आणि मगच पुढे जा. विषय आपल्या घरातलाच आहे: आग, मांस आणि त्या दोहोंत असलेलं किंवा नसलेलं अंतर. तुम्ही मांस खात नसाल तरी थांबा. भाकरीही विस्तवावरच भाजली जाते, आणि धूर कुणाचं ताट बघून घरात शिरत नाही.

दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातलं घर मनात आणा. दिवस पोळ्याच्या करीचा. काल बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली, आज मटण शिजणार. हे पावसाचे दिवस. गोठ्याच्या कडेला पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला आहे, सोबत तुराट्यांचे भारे. कापूस वेचून संपला की उपटलेली ही झाडं यवतमाळ जिल्ह्यात वर्षभराचं सरपण होतात. ताडपत्री टाकली तरी पावसाळ्यात त्यांना ओल धरतेच. चुलीत सारल्या की आधी धूर ओकतात, मग पेटतात. घरात सिलिंडर असला तरी करीचं मटण चुलीवरच, असा अनेक घरांचा आग्रह असतो.

आता चुलीवरच्या गंजात बघा. तेल तापलं, कांदा पडला, तो लालसर झाला. हळद-मीठ लावून ठेवलेलं मटण पडलं. सुरुवातीला चर्र असा मोठा आवाज झाला आणि मिनिटभरात बसला. मटणाला पाणी सुटलं. आवाज बसण्याचा हा क्षण मनात नीट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

जोवर गंजात पाणी आहे, तोवर त्यात बुडालेलं मांस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही. खाली पऱ्हाट्या कितीही भडकल्या तरी जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते. वरून गरम पाणी ओतलं जातं, झाकण पडतं, रस्सा रटरटत राहतो. कुकर लावला तर आतला दाब वाढून पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, त्याहून फारसं वर जात नाही. मांस भाजताना जी घातक संयुगं तयार होतात, त्यांतल्या एका मोठ्या गटाला साधारण १५० अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते. उकळत्या रश्श्यात ती जवळजवळ होतच नाहीत. पाणी हे आग आणि मांस यांच्यातलं पहिलं अंतर आहे.

थोडं थांबा. आपल्या रोजच्या स्वयंपाकात हे अंतर किती ठिकाणी आहे ते आठवा. मटणाचा रस्सा, पायांचं सूप, मंद आचेवर शिजणारी कोंबडी, खिमा. वऱ्हाडातल्या मटणावर तेलाची लाल तर्री तरंगते, पण तिच्याखाली पाणी असतं. हे अंतर कुणी रसायनशास्त्र शिकून ठेवलेलं नाही. चार माणसांच्या मटणात दहा माणसं जेवायची, तर रस्सा वाढवावा लागतो. जून बोकडाचं मांस मऊ करायचं, तर पाण्यात बराच वेळ ठेवावं लागतं. काटकसरीनं आणि धीरानं जे घडलं, ते शरीरालाही मानवलं.

आता पाणी आटू द्या. गंजाच्या कडेला तेल सुटलं, मसाला बुडाला धरू लागला, आवाज पुन्हा चढला. माजघरातून सासूचा आवाज येतो: "आच कमी कर वं, बुडाले लागून राह्यलं." तिनं गंजात डोकावलेलंही नाही. कानानं आणि नाकानं तिला कळलं की पाणी संपलं. सून सराटा बुडापर्यंत नेऊन फिरवते, पाण्याचा हबका मारते, आणि तापमान झर्रकन खाली येतं. या साध्या हालचालीत जी राखण आहे, तिचं मोल मनात एकदा करून बघा.

यानंतर मांस पाण्यातून बाहेर काढून निखाऱ्यावर ठेवू. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावांतही आता संध्याकाळी तंदुरी-कबाबच्या गाड्या लागतात. कोळशाची लांब शेगडी, वर सळया, सळयांवर कोंबडीचे लाल तुकडे. खेड्यापाड्यांत निखाऱ्यावर भाजणं त्याहून कितीतरी जुनं आहे. शेतात आगटी पेटवून त्यात भाजलेला मासा किंवा खेकडा. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट. ज्या घरांना मांस रोज परवडत नव्हतं, किंवा जातीच्या उतरंडीनं ज्यांच्या वाट्याला मेलेलं जनावर ठेवलं होतं, त्या घरांतल्या वाळवलेल्या मांसाच्या चान्या. दोरीवर सुकवून ठेवायच्या आणि अडीअडचणीला विस्तवावर भाजून भाकरीशी खायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या अशा स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. हे पदार्थ भुकेतून आणि हुशारीतून आले. त्यांच्याबद्दल इथे बोलताना मनात आदरच असावा. आगीचं काम मात्र कुणाचीही चूल असो, एकाच पद्धतीनं चालतं, म्हणून ते समजून घेऊ.

निखाऱ्यावरच्या तुकड्याजवळ जाऊन बघा. आधी वरचं पाणी उडतं, मग पृष्ठभाग कोरडा होतो. त्या कोरड्या थराचं तापमान आता १०० वर अडून राहत नाही, ते १५०, २०० आणि त्याच्याही वर चढतं. कड तांबूस होते, खमंग वास सुटतो, तांबूस कड तपकिरी होते आणि तपकिरीची काळी. या रंगांच्या चढणीवर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली घडते मांसाच्या आतल्या सामग्रीतून. जनावराच्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. स्नायूंना झटपट ताकद पुरवणं हे त्याचं काम. कडक उष्णतेत हे क्रिएटिन, मांसातली अमिनो आम्लं आणि थोडी साखर एकत्र येऊन नवी संयुगं बनतात. त्यांना हेटरोसायक्लिक अमाइन म्हणतात. ती व्हायला धूर लागत नाही, ज्वाळाही लागत नाही, नुसता कडक तापलेला तवा पुरतो. आच जितकी तीव्र आणि वेळ जितका जास्त, तितकी ती जास्त. काळजात क्रिएटिन अगदी थोडं असतं, म्हणून त्यात ही संयुगं फारशी होत नाहीत. वांग्यात क्रिएटिन नसतंच. म्हणून भरताचं वांगं आणि कोंबडीची तंगडी एकाच निखाऱ्यावर भाजली, तरी दोन्हींच्या काळ्या कडा सारख्या नसतात.

दुसरी गोष्ट घडते मांसाच्या खाली. चरबी वितळते, तिचा थेंब निखाऱ्यावर पडतो, भक्कन ज्वाळ उठते आणि धुराचा लोट वर येऊन त्याच मांसावर बसतो. अर्धवट जळणाऱ्या चरबीतून कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडलेली संयुगं तयार होतात, पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन. त्यांतलं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव बेन्झोपायरीन. ते मांसात जन्मत नाही, धुरातून मांसावर येऊन बसतं. युरोपीय महासंघानं धुरावलेल्या मांसासाठी त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यांतले फक्त दोन, पूर्ण किलोभर मांसात. इतक्या सूक्ष्म गोष्टीची दखल कायद्यानं घेतली आहे.

इथे पुन्हा थांबा. डोळे मिटून तो थेंब बघा. पडला, पेटला, धूर होऊन वर आला. मांस आणि निखारा यांत वीतभर अंतर असतं किंवा मांसाखाली निखारे नसते, तर त्या थेंबाचं काय झालं असतं तेही बघा.

माणसाला हे कळायला फार वेळ लागला. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचं कारण त्यांच्या अंगाला चिकटून राहणारी काजळी आहे. त्या काजळीत नेमकं काय आहे ते शोधायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. १९३३ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी दगडी कोळशाच्या डांबरातून बेन्झोपायरीन वेगळं काढलं. त्यासाठी त्यांना दोन टन डांबर गाळावं लागलं. शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत दारव्हा मोतीबाग स्टेशनातून धावत होतं. त्या कोळशाची काजळी ज्यांच्या कपड्यांवर बसली, त्यांना पॉट यांचं म्हणणं समजायला लंडनला जायची गरज नाही.

स्वयंपाकघराकडे लक्ष वळलं ते १९३९ मध्ये. स्वीडनच्या विडमार्क यांनी घोड्याचं मांस भाजून त्याचा अर्क उंदरांच्या पाठीला लावला आणि उंदरांना गाठी झाल्या. हा निष्कर्ष छापून आला आणि जवळजवळ विसरला गेला. १९७७ च्या सुमारास टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या माशाचा धूर आणि त्याचा काळा भाग जिवाणूंवर तपासला. जिवाणूंच्या जनुकांत बदल झाले, आणि ते इतके की नुसत्या बेन्झोपायरीनवरून त्याचा हिशेब लागेना. त्या न लागणाऱ्या हिशेबाच्या मागे जाता जाता हेटरोसायक्लिक अमाइन हाती आली. माशाची कड सगळे बघत होते. आकडा जुळत नाही म्हणून सुगिमुरा आणि सहकारी थांबले आणि पुन्हा बघू लागले, इतकाच फरक. मनन म्हणजे तरी वेगळं काय?

हे ऐकून मनात भीती आली असेल. तिला हाकलू नका, तिच्याकडेही शांतपणे बघा. कॅन्सर हा शब्द आपल्याकडे पुष्कळ घरांत मोठ्यानं उच्चारलाही जात नाही. रिपोर्ट आला की एसटीनं नागपूरचं तुकडोजी कर्करोग रुग्णालय गाठायचं, नाहीतर सेवाग्राम किंवा सावंगी. सोबत कुणी जायचं, शेत कुणी बघायचं, पैसा कुठून आणायचा हे प्रश्न त्याच संध्याकाळी दारात उभे राहतात. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच तिला योग्य माप द्यायला हवं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या लिआँ शहरात दहा देशांचे बावीस तज्ज्ञ बसवले. आठशेहून अधिक अभ्यास समोर ठेवून त्यांनी निर्णय दिला. सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतं हे निश्चित. लाल मांस त्याखालच्या गटात, म्हणजे बहुधा करतं. बोकडाचं मटणही लाल मांसातच धरलं आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी म्हटलं.

यातल्या दोन गोष्टी मनात सावकाश मुरू द्या. एक, हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. तंबाखूही पहिल्या गटात आहे आणि सॉसेजही, म्हणून दोन्ही सारखीच घातक ठरत नाहीत. दोन, तो आकडा रोजच्या खाण्याचा आहे. सणासुदीला, पाहुणा आला तर, आठवड्या-पंधरवड्याला मटण करणाऱ्या घराला तो जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय भाजलेल्या मांसातल्या या संयुगांनी प्राण्यांत गाठी होतात हे प्रयोगांत दिसलं असलं, तरी माणसांत त्यांचा वाटा नेमका किती, हे मोठ्या पाहण्यांनाही ठामपणे सांगता आलेलं नाही. प्रयोगातल्या उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या जेवणापेक्षा हजारो पट असते.

आणि विदर्भात राहून हे माप करताना खर्ऱ्याला वगळता येणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घासून केलेला खर्रा दिवसातून अनेकदा गालात जातो. त्यातली तंबाखू पहिल्या गटात, सुपारीही पहिल्याच गटात, आणि खाणारा ती रोज, तासन् तास, गालाच्या एकाच जागी धरून ठेवतो. घरात कुणी खर्रा खात असेल तर काळजीचा पहिला हिस्सा तिथे द्या. तंगडीवरची काळी कड त्यानंतर. जिथे धोका मोठा, तिथे काळजीही मोठी हवी.

विषाची आणखी एक तऱ्हा या जिल्ह्यानं पाहिली आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. ते विष त्याच दिवशी, त्याच रात्री दिसलं. डोळे, श्वास, शुद्ध, सगळ्यांवर एकदम आलं. भाजलेल्या मांसातलं संयुग असं येत नाही. ते आतड्यात उतरतं, रक्तातून यकृतात जातं. यकृत त्याला बाहेर काढण्याच्या खटाटोपात त्याचं रूप बदलतं, आणि त्या बदललेल्या रूपांतलं एखादं आपल्या जनुकांना चिकटू शकतं. बहुतेक वेळा शरीर ती जागा दुरुस्त करतं. एखादी दुरुस्ती चुकते. अशा चुका वर्षानुवर्षं साचल्या तर गाठ. हे रूप बदलणारे विकर सगळ्यांत सारखे नसतात, म्हणून एकच ताट दोन भावांच्या शरीरात वेगवेगळं वागू शकतं. "माझे आजोबा नव्वद वर्षं भाजलेलं खाऊन जगले" हे खरं असतं, पण त्यावरून नातवाबद्दल काही कळत नाही.

तेव्हा ही एका घासाची गोष्ट राहत नाही, सवयीची होते. आणि सवय हातात असते.

आता मननाचा सगळ्यात जड भाग. इतका वेळ आपण ताटाकडे बघत होतो. मांस खाणाऱ्याला काय होईल, हा आपला प्रश्न होता. नजर ताटावरून उचला आणि चुलीपुढे बसलेल्या बाईकडे न्या. तिनं अजून एक घासही खाल्लेला नाही. डोळे चुरचुरतायत, पदर नाकाला लावलाय, फुकणी तोंडाला लावून ती वाकते, आणि फुंकर संपली की श्वास आत घेते. तो श्वास कुठली हवा घेऊन आत जातो? निखाऱ्यावर चरबी ठिबकून जो धूर मांसावर बसतो, त्यातलं बेन्झोपायरीन ओल्या पऱ्हाटीच्या धुरातही असतं. कारण एकच, अर्धवट ज्वलन. मांसावर ते महिन्या-पंधरवड्यातून एकदा बसेल. तिच्या फुप्फुसावर रोज दोन वेळा बसतं, मग गंजात मटण असो, वरण असो की अंघोळीचं पाणी असो.

हा माझा तर्क नाही. किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीवर रांधणाऱ्या बायांच्या श्वासाशेजारची हवा मोजली. १९८३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्यांनी धूळ मोजली आणि बेन्झोपायरीनही मोजलं. दोन्ही भयंकर प्रमाणात निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेनं लाकूडफाट्याच्या चुलीचा घरातला धूर 'बहुधा कर्करोग करतो' या गटात ठेवला आहे, म्हणजे लाल मांसाच्याच गटात. कडक आचेवर तळताना उठणारी वाफही त्याच गटात आहे. मटणाच्या निकालाची बातमी जगभर पहिल्या पानावर आली. चुलीच्या निकालाची किती जणांनी वाचली?

इथे जरा जास्त वेळ थांबा. खाणारा आणि रांधणारी यांच्यात आपण नकळत कोणतं अंतर ठेवलं आहे ते बघा. खाणाऱ्याला धुरापासून अंतर मिळालं: तो ओसरीवर बसतो, ताट वाढलं की आत येतो. रांधणारीला ते मिळालं नाही. कबाबच्या गाडीशी उभं राहणारं गिऱ्हाईक दहा मिनिटांत निघून जातं, पण शेगडीला पुठ्ठ्यानं वारा घालणारा पोरगा रात्री उशिरापर्यंत त्याच लोटात असतो. खाटकाच्या दुकानामागे मुंडी आणि पाये भाजणाराही तसाच. केस जळण्याचा तो उग्र वास आपल्याला क्षणभर सहन होत नाही. तो माणूस एका हातानं मुंडी ज्वाळेवर फिरवतो, दुसऱ्या हातातल्या सुरीनं जळकी साल खरवडतो, पाण्यानं धुतो, पुन्हा ज्वाळेवर धरतो. आपल्या घरी स्वच्छ, पिवळसर मुंडी येते, कारण काळं सगळं त्यानं खरवडलेलं असतं. त्याच्या छातीत गेलेलं मात्र खरवडून काढता येत नाही.

मांस भाजताना होणाऱ्या अपायाचा विचार स्वतःच्या घासापाशी संपवला तर तो अपुरा राहतो. जो आगीच्या सगळ्यात जवळ आहे, तो सगळ्यात जास्त भोगतो. म्हणून काळजीची सुरुवात त्याच्यापासून.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या कोट्यवधी घरांत पहिल्यांदा गॅसची शेगडी आली. ही मोठी गोष्ट झाली. पण टाकी संपली की ती भरायला रोख पैसे लागतात, आणि पऱ्हाट्या फुकट असतात. म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, मटण, अंघोळीचं पाणी चुलीवर अशी वाटणी झाली. जे जास्त वेळ शिजतं तेच चुलीवर गेलं, म्हणजे धुराचे तास फारसे कमी झालेच नाहीत. आपल्या घरातली वाटणी कशी आहे ते मनातल्या मनात तपासा. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त बघायचं.

आता बघितलेलं हातात उतरवू. पुढच्या वेळी मांस घरात येईल तेव्हा एकेक गोष्ट आठवा, घाईनं नको.

मांस आल्यावर आधी विचार करा: रस्सा की भाजलेलं? बहुतेक वेळा रस्सा करा. आपली परंपरा तिथेच पक्की आहे. भाजायचंच असेल तर मसाला लावून मुरू द्या. कांदा, लसूण, हळद, लिंबू यांच्या लेपानं हेटरोसायक्लिक अमाइन कमी होतात असं प्रयोगांत दिसलं आहे. मध किंवा साखर सढळ हातानं लावू नका, ती लवकर करपते. तुकडे आधी अर्धे शिजवून घ्या, म्हणजे निखाऱ्यावरचा वेळ उरतो थोडा. चरबी आणि साल काढा, म्हणजे थेंब कमी पडतील. ज्वाळा बसू द्या, निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर येऊ द्या, मग सळई ठेवा आणि ती उंच ठेवा. सारखी फिरवत राहा. एकच बाजू आगीकडे धरून ठेवण्यानंच ती जळते. कच्चं मात्र ठेवू नका, कोंबडी आतपर्यंत शिजलीच पाहिजे. अर्ध्या कच्च्या मांसातले जंतू त्याच आठवड्यात आजारी पाडतात. काळी झालेली कड सुरीनं काढून टाका. ती लेकराच्या ताटात कुरकुरीत म्हणून वाढू नका. करपलेल्या मसाल्याची खरवड पाणी घालून रश्श्यात मिसळू नका. विस्तव पेटवायला प्लॅस्टिक, रबर, रंग दिलेलं लाकूड कधीच नको.

यांतली एकही गोष्ट महाग नाही. प्रत्येकीत एकच काम आहे: आगीला थोडं दूर ठेवायचं. कधी पाण्यानं, कधी उंचीनं, कधी वेळानं, कधी सुरीनं.

हेच अंतर माणसालाही द्या. टाकी भरायला पैसे कमी असतील तर चहापेक्षा जास्त वेळ शिजणारं आधी गॅसवर चढवा. चूल पेटवणं भागच असेल तर ती अंगणात, उघड्यावर न्या. सरपण वाळलेलं ठेवा. पावसाआधी पऱ्हाट्यांवर नीट छप्पर घालणं हे बैलाच्या चाऱ्याइतकंच निकडीचं काम समजा. लहान लेकरू मांडीवर घेऊन आईला चुलीपुढे बसू देऊ नका, तेवढा वेळ त्याला दुसऱ्या कुणी घ्या. आणि घरातल्या पुरुषांनो, फुकणी आपण हातात घ्या. धूर किती आहे हे ओसरीवरून कळत नाही. एकदा कळलं की टाकीचे पैसे कुठून काढायचे हे सुचू लागतं. गावात कबाबची गाडी किंवा मुंडी भाजण्याची जागा असेल तर तिथल्या माणसाशी बोला. वारा येतो त्या बाजूला उभं राहणं, शेगडीवर धुराडं बसवणं, कामाची पाळी वाटून घेणं हे सुचवा, आणि त्याची भाजलेली मुंडी रुपया-दोन रुपये जास्त देऊन घ्या.

शेवटचा प्रश्न मनाशी ठेवा. अन्न चांगलं झालं असं आपण कधी म्हणतो? चव आली की, पोट भरलं की, सगळ्यांना पुरलं की. यात आणखी एक अट घाला: ते रांधणारा माणूस ते रांधून आजारी पडला नाही. काळी कड ताटातून काढायला सुरीचा एक फटका पुरतो. ही अट पाळायला घरातल्या पैशाची, कामाची आणि मानाची वाटणी बदलावी लागते. ते अवघड आहे, आणि ज्याला आपलं अन्न चांगलं असावं असं मनापासून वाटतं, त्यानं तेच करायचं आहे.